तिले श्वास घेऊ द्या

पेटी उघडली की काका लगेच वाजवायला घेत नसत. खटके ओढत, एकाही पट्टीला बोट न लावता डाव्या हाताने भाता चार-पाच वेळा हलवत आणि मान कलती करून ऐकत राहत. पेटी जुनी, आतून कुठूनतरी वारा फुसफुसे, लाकूड कुरकुरे. टाळकरी ताटकळलेले. कुणी घाई केलीच तर डोळे न उघडता म्हणत, "थांबा ना बाप्पा. तिले आधी श्वास घेऊ द्या."

मी केनवडच्या शाळेत मास्तर. भजनी मंडळात मला घेतलं ते गळ्यासाठी नव्हे. भजनांची वही सुवाच्य अक्षरात उतरवून काढणारा कुणीतरी हवा होता. वही पूर्ण झाल्यावर मला हाकलणं बरं दिसलं नसतं, म्हणून हातात टाळ दिले. पहिल्याच गुरुवारी पेटीमागून आवाज आला, "मास्तर, तुमी भजन करून राह्यले का भांडे घासून राह्यले?" सगळं देऊळ हसलं. मला राग आला, आणि मी पुढच्या गुरुवारी तासभर आधी जाऊन बसलो.

गाव त्यांना काका म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागलो. दिवसभर शेतात सोयाबीन नाहीतर तूर, संध्याकाळी पेटी. बोटं जाड, नखांत माती. अशा बोटांतून ते तसलं नाजूक काही कसं काढत, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पेटीच्या मधल्या एका पांढऱ्या पट्टीवर त्यांच्या मधल्या बोटाने खळगा पाडला होता, उंबरठ्याला पडतो तसा. एका नावाजलेल्या कीर्तनकारांनी त्यांना साथीला कायमचं मागितलं होतं. हे गेले नाहीत. कारण विचारलं तर म्हणाले, "इथले लोक कुठं बेसूर होतात ते मले पाठ हाये. नवीन लोकाइचं बेसूर कोन शिकत बसन?"

तुमच्याही गावात असा एखादा वाजवणारा असेल. नुसतं चांगलं वाजवणारे पुष्कळ असतात, पण गाणाऱ्याला सांभाळून घेणारा विरळा. आमच्या मंडळातले म्हातारे विणेकरी बाबा अभिमानाने सांगत, "मी अजून काळी पाचातच गातो." एवढ्या वरच्या पट्टीत त्या वयात गाणं म्हणजे गंमत नव्हे. एकदा मी पेटीशेजारी बसलो होतो आणि काकांच्या बोटांकडे सहज लक्ष गेलं. ते काळी तीनमध्ये, चांगलं खाली उतरून वाजवत होते. मी तोंड उघडणार तोच त्यांनी गुडघ्याने मला ढोसलं. नंतर चपला घालताना म्हणाले, "सांगू नोका कोनाले. तीन वर्षं झाले. आवाज उतरला तं उतरला, बाबाचा मान कायले उतरवाव?"

भैरवी आली की त्यांचे डोळे भरायचे. दर वेळी. आणि दर वेळी ते पंच्याने डोळे टिपत शेजारच्याला म्हणत, "आज धूप लय झाला, बाप्पा." पावसाळ्यात ओली काडी पेटली नाही आणि धूप लावलाच नव्हता, त्या दिवशीसुद्धा धूपच लय झाला होता.

काकू मात्र या पेटीला सवत म्हणायच्या. माझ्यासमोर, चहाचा कप ठेवता ठेवता. "वाशीमवून पेटी दुरुस्त करून आनली, तवा एसटीत पेटीले शीट, अन् मी केनवडपरेंत उभी! इचारा खोटं असन तं." काका शांतपणे म्हणत, "तिले धक्का लागला असता." काकू विचारत, "अन् मले?" काका बशीतला चहा फुंकत बसायचे. गाणंबिणं आपल्याला काही कळत नाही, असं काकू ठासून सांगत. भजन सुरू झालं की त्या घरी भाकरी थापत. देवळाला लागूनच घर.

मग त्या वर्षी उन्हाळ्यात काकांना लकवा मारला. वाशीमला दवाखान्यात पंधरा दिवस काढून घरी आले. जीभ जराशी जड झाली होती, पाय ओढत का होईना चालत होते. उजवा हात ठणठणीत. डावा मेला.

पेटी उजव्या हाताने वाजते, हे खरं. पण तिला वारा घालतो डावा.

आता माझा शहाणपणा ऐका. मी विचार केला, भात्याचंच काम अडलंय ना, मग भाता नसलेलं वाद्य आणू. वाशीमच्या बाजारातून विजेवर चालणारा मोठा कीबोर्ड घेतला, मोटरसायकलच्या मागे बांधला आणि वरातीसारखा त्यांच्या घरी गेलो. मंडळ जमलं. काकांनी एका हाताने दोन ओळी वाजवल्या. लोकांनी "वा!" केलं. मी तर बायकोला फोन लावून ऐकवत होतो. मग काका थांबले. एका पट्टीवर बोट ठेवलं आणि तसंच ठेवलं. सूर निघाला तो निघालाच, ना वाढला ना कमी झाला. आम्ही वाट पाहत राहिलो.

"हे थकतच नाही, मास्तर," ते म्हणाले.

"मग चांगलंच आहे की, काका!"

त्यांनी बोट उचललं. "ज्याले दम लागत नाही, त्याच्यापाशी कायचं रडाव?"

कीबोर्ड शाळेत गेला, स्नेहसंमेलनाला कामी येतो. काका भिंतीकडे तोंड करून पडू लागले. मी रोज शाळेआधी पेपर द्यायला जायचो, ते उघडायचेही नाहीत. कोपऱ्यात पेटीवर गोधडी घातलेली. एकदाच बोलले, "हात गेला त्याचं नाही जी. मी मुका झालो." मी त्यांच्याहून तीस वर्षांनी लहान. पेपरची घडी घालत बसलो. मला तेव्हा खात्रीच वाटत होती की हा माणूस दिवाळी पाहत नाही. लकव्याने नव्हे, या मुकेपणाने.

श्रावण संपत आला होता. मी पेपर घेऊन गेलो तर काकूंनी गोधडी बाजूला टाकून पेटी खाटेजवळ ओढली होती. त्या पेटीच्या मागच्या बाजूला, काकांसमोर मांडी घालून बसल्या, पदर खोचला आणि भाता ओढला. असा ओढला की पेटी किंचाळली.

"हापशी होय का ते?" काका उठून बसत ओरडले. चार महिन्यांत पहिल्यांदा.

"मंग कसं करू? सांगा ना!"

"हळू. दाबू नको. तिच्या मनानं येऊ दे."

"चाळीस वर्षं तिच्याच मनानं चालू हाये या घरात."

मी दारातच उभा राहिलो. शाळेची घंटा झाली असेल, मला ऐकू आली नाही. तीनदा वाजवलं, तीनदा भांडण झालं. चौथ्यांदा काकांनी एक भजन धरलं, आमचं नेहमीचं. आणि काकूंचा हात बदलला. जिथे ओळ चढते तिथे भाता भरून यायचा. जिथे शब्द संपतो आणि गाणारा दम घेतो, तिथे काकू थांबायच्या. कुणी सांगितलं नव्हतं. काकांनी वाजवणं थांबवून काकूंकडे पाहिलं.

"तुले हे कसं ठाऊक?"

"देवळाले लागून घर हाये," काकू म्हणाल्या. "सवत वाजत होती तवा म्या कान काय गहान ठेवले होते का?"

काकांनी बोटं पुन्हा पट्ट्यांवर ठेवली. मग म्हणाले, "अंतरा घेतो. तयार राह्य."

कार्तिकात आमच्याकडे महिनाभर पहाटे काकडा असतो. मंडळात बायका पेटीपाशी बसत नाहीत. असा काही नियम लिहिलेला नाही, वही माझ्याच अक्षरात आहे. पण बसत नाहीत. पहिल्या पहाटे ही दोघं देवळात आली. काकूंच्या हातात पेटी, काकांच्या हातात काठी. एकदोघे कुजबुजले, "बाईमानूस पेटीवर? कसं दिसते ते?" काकू दारातच थबकल्या. तेव्हा विणेकरी बाबा, तेच काळी पाचवाले, वीणा सावरत म्हणाले, "पेटीले दोन हात लागते. एक त्याचा, एक तिचा. बसा."

दोघं बसली. काका मान कलती करून म्हणाले, "तिले श्वास घेऊ दे." काकूंनी नुसता भाता हलवला. देवळात फक्त वाऱ्याचा आवाज. आणि मग काकांनी जे वाजवलं ते मी याआधी त्यांच्याकडूनही ऐकलं नव्हतं. पूर्वी ते एकटे वाजवत, आता दर ओळीला एकमेकांची वाट पाहत होते. बाबा काळी तीनमध्येच गात होते आणि त्यांना ती काळी पाच वाटत होती. माझे टाळ वाजायचे राहून गेले. भैरवीला काकांचे डोळे भरले. एक हात पट्ट्यांवर, दुसरा मेलेला, पुसणार कशाने? गालावरून ओघळायला लागलं.

काकूंनी भाता न थांबवता दुसऱ्या हाताने पदराचं टोक घेतलं, त्यांचा गाल पुसला आणि माझ्याकडे पाहून खेकसल्या, "मास्तर, धूप बाजूले घ्या ना! दिसत नाही का, केवढा झाला?"

धुपाटणं केव्हाच विझलेलं होतं. मी ते उचलून बाहेर नेऊन ठेवलं.

असे दोन कार्तिक झाले. यंदा पोळ्याच्या आठ दिवस आधी काका झोपेतच गेले. तेरवी झाल्यावर मंडळाने पेटी देवळात ठेवायला मागितली. काकू म्हणाल्या, "काकड्याले घेऊन जा. बाकी दिवस इथंच राह्यन."

परवा शाळेआधी मी सवयीने पेपर घेऊन गेलो. तो आता कोण वाचतं, पण बंद करायला जीव धजत नाही. काकू पेटीच्या मागे बसल्या होत्या, त्यांच्याच जागी. समोरची जागा मोकळी. भाता हलत होता. आतला वारा फुसफुसत होता, लाकूड कुरकुरत होतं.

"त्याइनं सांगून ठेवलं," माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. "भाता रोज हालव. पडून राह्यला का कापड मरते म्हने."

मी पेपर खाली ठेवला आणि उभाच राहिलो.

"बसा ना. पाच मिनिटं हालवाच लागते." मग थोड्या वेळाने, "मास्तर, दाबा एखादी पट्टी."

"काकू, मला येत नाही."

"मले तरी कुठं येत होतं?"

मी काकांच्या जागी बसलो. खळगा पडलेली पट्टी शोधायची गरज पडली नाही, बोट आपोआप तिथे गेलं. सूर निघाला. काकूंनी डोळे मिटले. भाता भरून आला, थांबला, पुन्हा भरून आला. शाळेची घंटा झाली, ती या वेळी मला स्पष्ट ऐकू आली. पण मी बोट उचललं नाही, आणि काकूंनी हात थांबवला नाही.