भिवाआजोबांची दुसरी मुलगी

मुंबईच्या विमानतळावर सगळ्या आया जे सांगतात ते माझ्या आईने सांगून संपवलं: वेळेवर जेव, पोचलीस की फोन कर, थंडीत कान झाक. मी ट्रॉली घेऊन आत शिरणार, तेवढ्यात पप्पा जवळ येऊन म्हणाले, "सवड मिळाली तर भिवाकाकांचं काहीतरी बघ. ग्लासगोचं नाव घ्यायचे लोक." माझ्या डोक्यात व्हिसा, बॅगेचं वजन आणि इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलचं नवं ऑफिस. मी हो म्हटलं आणि विमान सुटायच्या आत विसरूनही गेले.

भिवाकाका म्हणजे पप्पांचे थोरले चुलते. पप्पांच्या जन्माच्या कितीतरी आधी रत्नागिरीकडच्या आमच्या गावातून मुंबईला गेले, बोटीच्या भट्टीत कोळसा टाकायच्या कामाला लागले आणि परत आलेच नाहीत. त्यांची आई रखमा. ती पप्पांची आजी. शाळेतून आलेल्या नातवाला ती रोज विचारायची, भिवाचं पत्र आलं का. गावात दोन मतं होती. एक, भिवा बुडाला. दुसरं, भिवाने मडमेशी लग्न लावलं आणि आईला विसरला. हे दुसरं जास्त चवीने सांगितलं जायचं. म्हातारीचं ते विचारणं पप्पांच्या मनातून कधी गेलं नाही. काका बुडाले की विसरले, एवढंच त्यांना डोळे मिटायच्या आधी जाणून घ्यायचं होतं.

पहिली काही वर्षं माझी मेडनहेडमध्ये संसार मांडण्यात गेली. कौन्सिल टॅक्स, बिघडलेला बॉयलर, शनिवारी वेम्बलीहून कढीपत्ता आणि कोकम. मग पप्पांची बायपास झाली. तिकीट काढून पोचेपर्यंत ते शुद्धीवर आले होते, पण विमानात आठ तास मला त्यांचं ते वाक्य आठवत होतं आणि माझी मलाच लाज वाटत होती. परत आल्याबरोबर कामाला लागले.

स्कॉटलंडच्या जुन्या जन्म-लग्नाच्या नोंदी घरबसल्या बघता येतात. वर्षभर मी आमचं आडनाव 'कदम' शोधत होते. एकही कदम सापडेना. वैतागून पप्पांना सांगितलं, तर ते शांतपणे म्हणाले, "अगं, कदम मिळणार कुठून? आडनाव माझ्या वडिलांना शाळेत घालताना मास्तरांनी लावलं. त्याआधी आपल्यात आडनाव होतं कुणाला?"

मी कपाळावर हात मारला. दर एप्रिलला इथल्या जयंतीच्या कार्यक्रमात जाऊन आडनाव या विषयावर तावातावाने बोलणारी मी, आणि माझंच आडनाव केवढं नवं आहे याचा मला पत्ता नव्हता! गोऱ्या कारकुनाने विचारलं असेल तेव्हा भिवाआजोबांनी स्वतःचं नाव सांगितलं असेल आणि पुढे बापाचं. मी 'भिवा रामा' टाकलं. पाच मिनिटांत लग्नाचा दाखला समोर. ग्लासगो, बोटीवरचा फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा, बायको ॲग्नेस. तिकडच्या दाखल्याची गंमत म्हणजे त्यावर नवरा-नवरी दोघांच्याही आईचं नाव असतं. त्याच्या आईचं नाव होतं रखमा. मी किचनमध्ये नाचले. माझ्या नवऱ्याला वाटलं प्रमोशन मिळालं.

पण कोकणात रामाचे भिवा आणि भिवांच्या आया रखमा कमी का असतील? दाखल्यावर गावाचं नाव नव्हतं, नुसतं 'इंडिया'. ट्रेन पकडून ग्लासगोला गेले. तिथे वंशावळी शोधायला मदत करणारी मोइरा नावाची सत्तरी उलटलेली स्वयंसेविका भेटली. तिने सगळं ऐकून पेन्सिलीने कागदाच्या कडेला 'पॉसिबल' एवढंच लिहिलं. मी हिरमुसले. मग ती म्हणाली, आता मुलं बघू. मुली दोन निघाल्या. पहिली मार्गारेट. दुसरीचं नाव जेसी रखमा.

मोइराने चष्मा काढला. जुन्या काळची इथली रीत तिने समजावली: पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव, दुसरीला बापाच्या आईचं. "शी वॉज नेम्ड फॉर हिज मदर, हेन," ती म्हणाली. म्हणजे, मुलीला त्याच्या आईचं नाव दिलंय, बाळ. मी परक्या माणसांसमोर ढसाढसा रडले. बाहेर येऊन रस्त्यातूनच पप्पांना फोन लावला. ते म्हणाले, "म्हणजे विसरले नव्हते." मी घाईने म्हटलं, हे आपलेच भिवा असतील तर. त्यावर त्यांनी नुसतं हं केलं.

मोइराच्या ओळखीतून जेसीची मुलगी ॲन सापडली. ती ग्लासगोजवळच्या ग्रीनॉकला राहते. आम्ही दोघींनी डीएनए टेस्टला थुंकी पाठवली. रिझल्टला सहा आठवडे. मला तेवढा धीर कुठला? मागच्या शनिवारी तिच्या घरी जाऊन बसले. ती म्हणाली, आई ते मधलं नाव आयुष्यभर लपवायची, शाळेत मुली चिडवायच्या. ते कुणाचं होतं हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मी रखमाबद्दल माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं आणि व्हिडिओ कॉलवर पप्पांना आणलं. त्यांना आधीच बजावलं होतं की अजून काही सिद्ध झालेलं नाही.

पप्पा ॲनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जेसी माझी चुलत बहीण. म्हणजे ही माझी भाची. तिला विचार, आजोळी कधी येते?"

"पप्पा, रिपोर्ट येऊ दे ना आधी."

"तुझा रिपोर्ट येईल तेव्हा येवो. भाचीला बोलवायला मामाला कागद लागत नाही."

मामा अठ्ठ्याहत्तरचा, भाची सत्तरची. आजोळ म्हणजे काय ते मी तिला इंग्रजीत सांगायला गेले: आईच्या माहेरचं घर, जिथे सुट्टीत जायचं आणि लाड करून घ्यायचे. ॲन हसली, मग तिने डोळे पुसले. म्हणाली, आईला असं कुणीच कधी बोलावलं नाही.

घर सोडून आलेल्यांनो, आणि तिकडे मागे राहिलेल्यांनो, इतकी वर्षं गावचं घर म्हणजे माझ्यासाठी मी जिथून निघाले ती जागा होती. दर खेपेला तिथून निघायचंच असायचं. आता तिथे कुणीतरी पहिल्यांदाच यायचं आहे. मी जानेवारीची तिकिटं बघतेय. ॲनला खिडकीजवळची सीट हवी आहे.