पांढरीचं पोतं

गेवराईहून निघालेल्या एसटीत माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती. पायाशी पोतं, त्यावर दोन्ही पाय घट्ट रोवलेले. गाडी खड्ड्यात आदळली, पोत्याचं तोंड सुटलं आणि पांढरी माती गाडीभर झाली.

कंडक्टर ओरडला, "आजी, माती कावून आणली गाडीत?"

"आमच्या जुन्या गावची हाय, बाबा," पदरानं माती गोळा करत ती म्हणाली. "पुराला कटाळून आमी गोदागंगेच्या काठावरून वर राहाया आलो. काळी माती गंगेनं आणून टाकली. ही पांढरी मातर माणसांनी केली. घरं पडली, परत बांधली, चुलीची राख पडत गेली. आता नातवाच्या घराच्या पायाभरणीत टाकीन."

"सिमेंटच्या घराला?" मी विचारलं.

"मग! त्याला बी कळू दे, आपुन कुठले ते."

सगळी गाडी हसली. कंडक्टरही हसत खाली वाकला आणि ओंजळीनं माती भरू लागला.

"आमचं गाव धरणात गेलं, आजी," तो म्हणाला.

म्हातारीनं त्याचाच रुमाल मागून घेतला आणि त्यात मूठभर माती बांधून दिली. त्यानं तो पैशांच्या बॅगेत नोटांच्याही वर ठेवला आणि जरा जास्तच जोरात घंटी मारली.