उमरेडची पहिली बस

माझ्या लहानपणी सकाळी आमच्या घरात आई नसायची. नागपुरात तांडापेठेत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत बाबांचा हातमाग, मागच्या खोलीत बाकी सगळा संसार. आई उमरेडला मुलींच्या शाळेत शिकवायची. पहिल्या एस.टी.ने ती निघायची तेव्हा मी झोपेत असायची, आणि परतायची तेव्हा दिवे लागलेले असायचे. बाबांचं काम घरातच, त्यामुळे मला त्यांनीच वाढवलं म्हटलं तरी चालेल.

माझ्या वेण्याही बाबाच घालायचे. मागावर तुटलेला धागा जोडायची जी गाठ असते, तीच ते रिबिनीला मारायचे. वेणी दिवसभर जागची हलायची नाही, पण संध्याकाळी सोडवताना आईच्या नाकी नऊ यायचे. "पोरीचे केस आहेत हे, लुगड्याचा ताणा नाही," ती म्हणायची. बाबा नुसते हसायचे.

रविवारी मात्र माझं डोकं आईच्या ताब्यात. तेल कोमट करून ती मला पुढ्यात बसवायची आणि मी आठवडाभर साठवून ठेवलेलं सगळं सांगायला घ्यायची. वर्गात कोणाचं कोणाशी बिनसलं, बाईंनी माझी चित्रकलेची वही कशी सगळ्यांना दाखवली. थोड्या वेळाने तिची बोटं मंदावत, मग थांबत. वळून पाहावं तर ती भिंतीला टेकून झोपलेली, फणी तशीच हातात.

"आई!"

"सांग, सांग. ऐकून राहिली मी," डोळे न उघडताच ती म्हणायची.

पुढे पुढे मी हाक मारणं सोडलं. ती झोपली की मीही न हलता बसून राहायची. तिचे गुडघे पाठीला लागलेले असत, तेवढंही मला पुरे होतं.

"आई इथल्या शाळेत काहून नाही शिकवत?" मी बाबांना विचारायची.

"बदली भेटली पाहिजे ना बेटा," ते म्हणायचे आणि मागावर पुन्हा धोटा फेकायचे.

मी चौथीत असताना आईच्या शाळेचं संमेलन होतं. माझ्या शाळेला त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून ती मला सोबत घेऊन गेली. हिवाळ्याचे दिवस, बाहेर अजून उजाडायचं होतं. स्टँडवर पोचून बसमध्ये चढलो तर रोज याच बसने उमरेडच्या दवाखान्यात कामाला जाणाऱ्या एक वयस्क नर्सबाई खिडकीजवळची जागा धरून बसल्या होत्या. त्यांनी मला निरखून पाहिलं.

"हेच का वं तुमची पोरगी? समोरचा दात आला का तिचा?"

मी पटकन तोंडावर हात ठेवला. मागच्या बाकावरून पेरूची टोपली घेऊन बसलेली बाई म्हणाली, "हेच ना, पालीले भेते ते?" तिकीट फाडता फाडता कंडक्टरनेही विचारलं, "सतराचा पाढा झाला का वं पाठ?"

मी आईकडे पाहिलं. ती हसत होती, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. घरी मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. संध्याकाळी घरात शिरणाऱ्या आईत एवढं हसू शिल्लकच नसायचं. मला फार राग आला. माझ्या वाट्याला झोपलेली आई, आणि या परक्या लोकांना जागी!

पाचगाव गेलं तशी आई मागच्या बाईशी बोलायला वळली. नर्सबाईंनी मला जवळ ओढलं. "तुह्याबद्दल बोलल्याबिगर तिचा रस्ता कटत नाही, बेटा. तुले ताप होता ना तवा, तर उमरेड येईपर्यंत रडत होती. स्टँडवर तोंड धुतलं अन् तशीच शाळेत गेली."

तो ताप मला आठवत होता. कपाळावरची पट्टी बदलून आई निघाली होती, दारातून वळूनही न बघता. आईच्या पदराचं टोक मी उमरेड येईपर्यंत मुठीत धरून ठेवलं.

आईची नागपूरला बदली झाली तेव्हा मी मॅट्रिकला होते. आई आता उन्हं असतानाच घरी येऊ लागली. पहिल्या दिवशी ती हौसेने स्वयंपाकाला लागली आणि आतून आवाज आला, "अहो, जिरं कुठं ठेवलं?"

"मागच्या डब्यात," बाबा म्हणाले.

"अन् हळद?"

बाबा उठून आत गेले. आई चुलीपुढे तशीच बसली होती. "माह्याच घरात मले विचारा लागून राहिलं," ती म्हणाली. म्हणताना हसली, पण ते खरं हसू नव्हतं.

संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन बसायची. अभ्यास झाला का? झाला. भूक लागली का? नाही. मग दोघीही गप्प. मला पुष्कळ सांगायचं असायचं, पण त्या वेळी घरात आई असण्याची आणि तिला काही सांगण्याची सवयच नव्हती. पुढच्या खोलीत बाबा मधूनच माग थांबवायचे. आमच्यात काही बोलणं चाललंय का, ते ऐकत असावेत.

त्याच उन्हाळ्यात नर्सबाईंच्या मुलीचं लग्न उमरेडला निघालं. "दोघी जाऊन या," बाबा म्हणाले.

बसने दिघोरी सोडलं आणि आई आपसूक बोलू लागली. मी पोटात असताना ती उभ्याने जायची आणि कंडक्टरने एका धट्ट्याकट्ट्या माणसाला कसं उठवलं. उमरेडला पहिल्या दिवशी वर्गात तिचा आवाजच कसा फुटेना. लग्नाआधी तिला गाणं शिकायचं होतं, हेही मला तेव्हाच कळलं. मग एकाएकी थांबून तिने विचारलं, "तुले कसं वाटे वं, सकाळी मी नसली की?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं. ती माझ्याकडे तोंड करून, टक्क जागी राहून ऐकत होती.

लग्न आटोपून दुपारी आम्ही स्टँडवर आलो. नागपूरची बस लागली होती, पण सुटायला बराच अवकाश होता. आई सावलीतल्या बाकावर बसली आणि पुन्हा गप्प झाली.

"चाल आई," मी म्हटलं, "बसमधीच जाऊन बसू."