महादेवाच्या चढावरचा टँकर

माझा देवावर विश्वास होता, पण त्याहून जास्त विश्वास माझ्या स्वतःच्या कानांवर होता. वणीत तीस वर्षं ट्रकांची कामं केली. इंजिन सुरू झालं की नुसत्या आवाजावरून दुखणं सांगायचो. लोक कौतुक करायचे, आणि कौतुकानं माणूस कधी फुगतो ते त्याचं त्याला कळत नाही. गेल्या महाशिवरात्रीच्या आधी त्याच फुगण्यातून मी एक खोटं बोललो. ते आज मोकळेपणानं लिहितो आहे.

झरी जामणीकडच्या जंगलात एका टेकडीवर महादेवाचं देऊळ आहे. शिवरात्रीला तिथं मोठी यात्रा भरते आणि वर पाणी नाही. म्हणून देवस्थाननं खाणीच्या लिलावातला एक जुना ट्रक घेऊन त्यावर पाण्याची नवी टाकी बसवली. त्या ट्रकला क्लचचं पेडलच नव्हतं, गिअर ऑटोमॅटिक. गाडी थंड असली की बरी चालायची. तापली की गिअर उशिरा पकडायची, आणि चढावर इंजिन नुसतं ओरडायचं, चाकं जागची हलायची नाहीत. देवस्थानचे अध्यक्ष, ज्यांना सगळे काकाजी म्हणतात, स्वतः गाडी घेऊन माझ्याकडे आले. "तुमाले ऑटोमॅटिकचं जमते ना जी?" त्यांनी विचारलं. मी असला गिअरबॉक्स आयुष्यात कधी उघडला नव्हता. तरी म्हणालो, "जमते ना काकाजी. सेवा समजून करतो."

मी माझ्या सवयीनं इंजिन बंद केलं, गिअरच्या तेलाची डिपस्टिक, म्हणजे मोजपट्टी, ओढून पाहिली. तेल पुरेपूर. मग मनानंच ठरवलं की गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचच्या प्लेटा झिजून गेल्या. काकाजींना सांगितलं, यात्रा होऊ द्या, मग गिअरबॉक्स खोलू, तोवर हळूहळू काम भागेल. नंतर भरायला लागेल म्हणून गिअरच्या लाल तेलाचा डबाही आणून गाडीत ठेवला.

शिवरात्रीच्या सकाळी टाकी भरून मीच गाडी चालवत निघालो. अर्ध्या चढावर गाडीनं मान टाकली. इंजिन ओरडतंय, गाडी जागेवर. ब्रेक दाबून धरला, लोकांनी चाकांखाली दगड लावले. वर भंडाऱ्याच्या चुली पेटलेल्या, पिंपं रिकामी, आणि उन्हात दर्शनाची रांग वाढत चाललेली. काकाजी काठी टेकत खाली आले. "काय झालं असल?" त्यांनी एवढंच विचारलं.

प्लेटा गेल्या म्हणून सांगणं सोपं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण त्यांचा घामेजलेला, माझ्यावर भरवसा टाकलेला चेहरा पाहिला आणि ते गिळून टाकलं. म्हणालो, "काकाजी, मले नाही समजून राह्यलं. हा गिअर मी आधी कधी खोललाच नाही. तुमाले खोटं सांगितलं."

ते रागावले नाहीत. देवळाकडे तोंड करून त्यांनी हात जोडले. "मंग आता त्यालेच पाहू द्या," म्हणाले. मीही डोळे मिटले. स्तोत्र, मंत्र काही आठवेना. महादेवा, हे माझ्यानं होत नाही, एवढंच मनात म्हटलं. आणि नवल असं की गाडी तिथंच अडकलेली असताना मला एकदम हलकं वाटलं.

तेवढ्यात टाकीच्या नळावर बाटली भरायला एक मावशी आल्या. साठीच्या, हिरवं लुगडं, पायांत कॅनव्हासचे बूट. बाटलीचं झाकण लावता लावता म्हणाल्या, "भाऊ, गिअरचं तेल पाह्यलं काय?"

"पाह्यलं मावशी. पुरं हाये."

"चालू गाडीत पाह्यलं का बंद?"

"बंद," मी म्हणालो. त्या हसल्या. "खाणीत वीस वर्षं असाच ऑटोमॅटिक डंपर चालवला म्या. गाडी बंद केली का सारं तेल खाली उतरते, डिपस्टिक भरलेली दिसते. हे तेल इंजिन चालू ठेवूनच पाहा लागते. अन कमी असलं त चढावर गिअरचा पंप तेलाऐवजी हवा ओढते. मंग गाडी जाईन कशी?"

त्यांच्या सांगण्यावरून गाडी हळूहळू मागं घेऊन खालच्या सपाटीवर आणली. गिअर न्यूट्रलला, इंजिन चालू. डिपस्टिक ओढली तर नुसतं टोक ओलं. मावशींनी तेल बोटावर चोळून वास घेतला. "जळका वास नाही. प्लेटा चांगल्या हायेत तुमच्या. कायले खोलता?" मग खाली वाकून पाहिलं, तर तेल थंड करणाऱ्या नळीचा एक जोड ठिबकत होता. मी तो आवळला आणि डब्यातलं तेल थोडं थोडं ओतत, दरवेळी मोजत, खुणेपर्यंत आणलं.

"बसू काय मी?" मावशींनी विचारलं. पदर खोचून त्या गाडीत चढल्या, मी शेजारी बसलो. गाडी अशी चढली की रांगेतल्या बाया टाळ्या वाजवायला लागल्या. वर पोचल्यावर एक नारळवाला मावशींच्या पाया पडायला लागला, साक्षात देवीच आली म्हणून. मावशी म्हणाल्या, "देवी असती त माहे गुडघे दुखले असते काय? सरक बाबू, पाणी सोडू दे." काकाजींना इतकं मोठ्यानं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मावशी वणीतच राहतात. कधीमधी गॅरेजवर चहाला येतात आणि माझ्या चुका काढतात. लोक विचारतात, हा चमत्कार होता का? मी घडलं तसं सांगतो. इतकी वर्षं मी देवापुढे उभा राहायचो, पण उत्तर घरूनच ठरवून न्यायचो. त्या सकाळी माझ्याजवळ काहीच उरलं नव्हतं. एरवी वाटेवरच्या एका बाईनं मला गाडीतलं काही सांगितलं असतं, तर मी थांबून ऐकलं असतं का? खरं सांगायचं तर नसतं ऐकलं. महादेवानं मला मावशी पाठवल्या की त्यांचं ऐकायची बुद्धी पाठवली, हे मला आजही कळत नाही. दोन्हींसाठी रोज सकाळी शटर वर करण्याआधी त्याला नमस्कार करतो.