किहीमचे उन्हाळे

आमच्या आत्यांनी कधी समुद्र पाहिला असेल, असं घरात कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण, सगुणाबाई. नाशिकजवळ मखमलाबादला आमचा फुलांचा मळा आहे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाहते, सकाळी मळ्यात पहिलं पाऊल त्यांचंच. झेंडू तोडायचा, शेवंती निवडायची, टोपल्या फुलबाजारात धाडायच्या. लहान वयात विधवा होऊन माहेरी आल्या आणि माहेरच्याच झाल्या, एवढीच त्यांची हकिगत आम्हाला ठाऊक होती. त्यांनी पाहिलेलं लांबचं गाव म्हणजे वणी, असा आमचा समज.

मागच्या हिवाळ्यात माझ्या मुलीला, निकिताला, चांगली नोकरी लागली आणि ती आम्हा सगळ्यांना अलिबागला घेऊन निघाली. आत्यांनी नव्वदी गाठत आणली आहे, त्यांना प्रवास झेपेल का, असं माझे यजमान सोमनाथ म्हणत होते. निकिताने ऐकलं नाही. अलिबाग सोडून पुढे चोंढी नाक्यावर ती रस्ता विचारायला थांबली, तेव्हा मागच्या सीटवरून आत्या म्हणाल्या, "डावीकडं वळव. किहीम तिकडंच हाय."

आम्ही तिघांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"आजी, तुला काय माहीत?" निकिताने विचारलं.

"यायची मी इथं," आत्या म्हणाल्या. "लय वर्षं झाली."

त्या दोन दिवसांत, किनाऱ्यावरच्या सुरूच्या सावलीत बसून, त्यांनी जे सांगितलं ते मी इथे सांगते आहे.

आत्यांचं लग्न चौदाव्या वर्षी झालं. नवरा आडगावचा, शेतकरीच. दोन पावसाळे संसार झाला आणि तो विषमज्वरात गेला. पोटी मूल नव्हतं. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, त्यांना घरी आणलं. आमच्यात विधवेचा पाट लावायची, म्हणजे तिचं दुसरं लग्न करून द्यायची, रीत जुनी, पण आबांचं तेव्हा बरं चाललं होतं. आपल्या घरात आता असलं होत नाही, असं ते चारचौघांत सांगायचे. त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

आबा देवळालीच्या बंगल्यांना फुलं आणि भाजी पोचवायचे. तिथे मुंबईच्या श्रीमंतांची हवा खायची घरं होती. त्यातलं एक त्रिलोकेकरांचं. त्यांच्या सूनबाई, साधनाबाई, नुकत्या बाळंत झालेल्या. मुलगी किरकिरी होती, कुणाकडे राहायची नाही. एकदा आबांबरोबर सगुणा फुलं द्यायला गेली आणि ती पोरगी तिच्या खांद्यावर झोपली. साधनाबाईंची नेहमीची आया उन्हाळ्यात तिच्या गावी जाई. म्हणून चैत्र-वैशाखापुरती सगुणाला आमच्या किहीमच्या बंगल्यावर पाठवा, असं त्यांनी आबांना विचारलं. मोठ्या घरच्या बाईंनी मागितलं, आबा नाही म्हणाले नाहीत.

मुंबईला भाऊच्या धक्क्यावर लाँचमध्ये बसताना सगुणाने समुद्र पहिल्यांदा पाहिला. "मला वाटलं, गंगेला पूर आलाय आन् पलीकडचा काठ वाहून गेलाय," आत्या म्हणाल्या. गंगा म्हणजे आमची गोदावरी. रेवसला उतरून टांग्याने किहीम.

तिथे सुरूच्या रांगेत एकामागे एक बंगले होते, सगळे मुंबईच्या बड्या घरांचे. उन्हाळाभर बायका-मुलं तिथे राहत आणि पुरुष शनिवारच्या लाँचने येऊन सोमवारी परत जात. मग आठवडाभर नुसतं बायकांचं राज्य. सकाळी समुद्रात पोहणं, दुपारी पत्ते, संध्याकाळी व्हरांड्यात ग्रामोफोन आणि सरबत. डोक्यावर पदर नसलेल्या, पायजमा घालून सायकल चालवणाऱ्या बायका सगुणाने तिथेच पाहिल्या.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी साधनाबाईंनी तिला आरशासमोर उभं केलं. हातात कुंकवाची डबी दिली.

"लाव," त्या म्हणाल्या.

"बाईसाहेब, मी..."

"ठाऊक आहे मला. इथे तुला कोण ओळखतं? आणि सासूबाई पुढच्या आठवड्यात येतायत. मोकळ्या कपाळाची बाई तान्ह्या मुलीला घेते म्हणून त्यांनी काही काढलं, तर मला तुला परत पाठवावं लागेल."

सगुणाने कुंकू लावलं. साधनाबाईंनी हिरव्या बांगड्या भरून घ्यायला कासारणीला बोलावलं. हे त्यांचं भलेपण होतं की सोय, ते आत्यांना आजही ठरवता येत नाही. "दोन्ही असंल," त्या म्हणाल्या. "पण मी आरशात बघितलं आन् मला लय बरं वाटलं. खोटं कशाला बोलू."

दर वर्षी हेच व्हायचं. किहीमला गेलं की कुंकू, बांगड्या, केसांत सुरंगीचा गजरा. परत निघताना रेवसच्या धक्क्यावर सगळं उतरवून ती पुन्हा आबांची विधवा लेक व्हायची.

बंगल्यामागच्या नारळाच्या वाडीचं काम रंगनाथ नावाचा तरुण पाहायचा. त्याचं घर वाडीच्याच कडेला, घरात तो आणि त्याची आई. सगुणा मुलीचे कपडे धुवायला विहिरीवर जाई, तेव्हा तो रहाटावर असे. दोघंही मातीतली माणसं, बोलायला विषय कमी नव्हते. दुसऱ्या वर्षी तिने नाशिकहून झेंडूचं बी नेलं. रेतीत झेंडू येतो का, यावर दोघांची पैज लागली. झेंडू आला, पण बुटका.

तो मर्यादा सोडून कधी बोलला नाही. एकदा एवढंच विचारलं, "बाई, तुमचे मालक काय करतात?"

सगुणाला देवळालीची छावणी आठवली. "मिलिटरीत हायेत," ती म्हणाली.

एकदा ते तोंडातून गेलं आणि मग परत घेता येईना. मालक कुठे असतात, सुट्टीवर कधी येतात, तो विचारायचा आणि ती काहीतरी सांगायची. तिसऱ्या उन्हाळ्यात एके दिवशी रहाट थांबवून तो म्हणाला, "माझी आई मला मुली दाखवतेय. मी नको म्हणतोय. का म्हणतोय ते माझं मला कळतं. तुमचा माणूस तिकडं लांब मुलखात, आन् मी इथं तुमच्याशी बोलत बसतो, हे बरं नाही. उद्यापासून पाणी भरायला आई येईल."

आणि खरंच दुसऱ्या दिवसापासून आई येऊ लागली.

सगुणा रडत बसलेली साधनाबाईंना दिसली. त्यांनी तिच्याकडून सगळी हकिगत काढून घेतली. ऐकून म्हणाल्या, "वेडी आहेस. जाऊन सांगून टाक त्याला खरं."

"खोटी ठरंन ना मी. त्याला वाटंल, हिनं खेळ केला."

"वाटू दे. नंतर समजेल त्याला." मग साधनाबाई म्हणाल्या, "माझ्याकडे असं सांगण्यासारखंसुद्धा काही नाही." शनिवारच्या लाँचने येणारे त्यांचे यजमान बायकोशी आठवड्याचा हिशेब विचारल्यासारखे बोलत, हे सगुणाने पाहिलं होतं.

चौथ्या उन्हाळ्यात ती सांगायचं ठरवूनच गेली. रंगनाथचं लग्न अजून झालं नव्हतं. रोज सकाळी वाटे, आज सांगू. रोज काही ना काही आडवं येई, आणि बहुतेक वेळा तिची स्वतःची भीतीच आडवी येई. असा चैत्र सरला, वैशाख लागला.

एका दुपारी तिचा भाऊ धोंडीराम, म्हणजे माझे सासरे, अचानक किहीमला आले. आबांनी अंथरूण धरलं होतं. उन्हातून चालत आलेले सासरे वाडीत शिरले. समोर रंगनाथ. त्याने पाणी दिलं, कोण-कुठले विचारलं. सगुणाचा भाऊ म्हटल्यावर सहज म्हणाला, "बाईंचे मालक आले का सुट्टीवर?"

"कुणाचे मालक?" सासरे म्हणाले. "तिचा नवरा जाऊन वर्षं झाली."

सगुणा तेव्हा मुलीला कडेवर घेऊन किनाऱ्यावरून येत होती. कपाळाला कुंकू, हातात बांगड्या, केसांत गजरा. दोघांनीही तिला एकाच वेळी पाहिलं.

सासरे ओरडले नाहीत. "आबा आजारी हायेत. निघायचंय," एवढंच म्हणाले. मग खालच्या आवाजात, "आन् ते कपाळ आधी पूस."

ती विहिरीवर गेली. रंगनाथने बादली ओढून तिच्यासमोर ठेवली आणि पाठ करून उभा राहिला.

"मी तोंड धुतलं," आत्या आम्हाला म्हणाल्या. "त्यानं काय विचारलं नाय. मीबी मान वर केली नाय. तेवढीच वेळ होती बोलायची, आन् भाऊ समोर उभा."

आबा ज्येष्ठात गेले. सगुणाला पुन्हा कुठे पाठवायचं नाही, असं सासऱ्यांनी ठरवलं. दसरा आला. दसऱ्याला झेंडूच्या मळ्यात मान वर करायला फुरसत नसते. ती दिवसभर फुलबाजारात बसे आणि अंधार पडताना घरी येई. एके दिवशी घरी आली तर कोपऱ्यात नारळांचं पोतं होतं. तिच्या वहिनीने, म्हणजे माझ्या सासूबाई अंबूबाईंनी, दुसऱ्या दिवशी त्यातले नारळ खवून वड्या केल्या.

"नारळ कुठले?" सगुणाने विचारलं.

"बाजारातले," अंबूबाई म्हणाल्या.

तिने वड्या खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या, असं ती वहिनीला म्हणालीही.

पुढचं तिला कळायला जवळजवळ चाळीस वर्षं जावी लागली. तोवर सासरे वारले होते आणि सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. आत्याच त्यांचं सगळं करत. एके दुपारी सासूबाईंनी आत्यांचा हात धरला आणि सांगितलं. त्या दसऱ्याला किहीमचा एक माणूस घरी आला होता. साधनाबाईंकडून पत्ता घेऊन, पावसाळ्यात बंद झालेल्या लाँचा सुरू झाल्याबरोबर निघाला होता. ओसरीवर बसून त्याने सरळ मागणी घातली. पाट लावीन, नीट सांभाळीन, आईची हरकत नाही, असं म्हणाला. सासऱ्यांनी त्याची जात विचारली. ती आपली नव्हती. मग त्याला सांगितलं, सगुणाचा पाट गेल्याच महिन्यात लावून दिला, चांदवडला दिली.

"मग?" आत्यांनी वहिनीला विचारलं.

"मग काय. पाणी प्यायला. चांगलं घर मिळालं का, म्हणून विचारलं. नारळ ठेवून गेला."

आत्यांनी सासूबाईंचा हात सोडवून घेतला, त्यांना कुशीवर वळवलं, पाठीला पावडर लावली आणि मळ्यात निघून गेल्या. मी तेव्हा त्याच घरात होते. मला काही कळलं नाही.

किहीमला आता बंगल्यांच्या भिंती उंच झाल्या आहेत. गेटवर कॅमेरे. त्रिलोकेकरांचा बंगला कुठला, ते आत्यांना ओळखता आलं नाही. साधनाबाईंचं आणि त्या मुलीचं पुढे काय झालं, तेही त्यांना कधी कळलं नाही. पण वाडी सापडली. तिथे आता राहण्या-जेवण्याची सोय आहे, रंगनाथांचा नातू चालवतो. आम्ही तिथेच जेवलो. भिंतीवर रंगनाथांचा हार घातलेला फोटो होता. वाढणारी बाई त्यांची सून होती. करोनाच्या दुसऱ्या लाटेच्या वर्षी गेले, म्हणाली. करोनाने नव्हे, वयाने.

"त्रास झाला का लय?" आत्यांनी विचारलं.

"नाही. संध्याकाळी वाडीत फेरी मारून आले, पडले आणि गेले." मग तिने विचारलं, "तुम्ही ओळखायच्या का आमच्या बाबांना?"

"बंगल्यावर कामाला होते मी," आत्या म्हणाल्या. "पाणी भरायचे ते." आणि ताटातला भात संपवला. मला वाटलं होतं, त्या आणखी काही विचारतील. त्यांची बायको कशी होती, मुलं किती. त्यांनी विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर कसारा घाटात निकिताला राहवलं नाही. "आजी, आजोबांचा राग नाही येत तुला? माझ्या आजोबांचा?"

सोमनाथ समोर बघत होते. त्यांच्या वडिलांची गोष्ट होती ती.

आत्या म्हणाल्या, "धोंडीभाऊनं मला वेगळी खोली बांधून दिली. मळ्यातला तुकडा माझ्या नावावर केला. मी आजारी पडले की स्वतः पेज करून आणायचा, वहिनीला हात लावू द्यायचा नाय. सोमनाथला माझ्या मांडीवर दिला, म्हणाला, हा तुझाच. काय कमी नाय केलं त्यानं मला." मग म्हणाल्या, "मला इतकं का जपतो, ते तेव्हा कळायचं नाय. वहिनीनं सांगितलं तवा कळलं. मग राग करायला तो नव्हता."

सोमनाथांनी पुढच्या वळणावर गाडी बाजूला घ्यायला सांगितली. उतरून थोडा वेळ दरीकडे तोंड करून उभे राहिले आणि परत येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या मळ्यात गेल्या नाहीत. असं कधी झालं नव्हतं. मी चहा घेऊन खोलीत गेले, तर त्या कॉटवर बसल्या होत्या.

"फुलं कोण तोडतंय?" त्यांनी विचारलं.

"बाया आल्यात. निकिता उभी आहे त्यांच्याबरोबर."

"बरं."

मी कप पुढे केला, त्यांनी घेतला नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, सासरे गेले तेव्हासुद्धा नाही. मी कप खाली ठेवला आणि शेजारी बसले. "मनीषा," त्या म्हणाल्या, "चांगलं घर मिळालं का, असं विचारलं गं त्यानं." चहा गार झाला. मी नवा करून आणला, तो त्यांनी घेतला.