आबांचा अंगठा

आबांचा उजवा अंगठा स्वस्थ बसलेला मी कधी पाहिला नाही. कुणी चालायला लागलं, चहाला उकळी फुटायला लागली, समोरची रिक्षा चढाला लागली, की तो अंगठा हवेतच खाली जायचा. ते काम संपलं की पुन्हा एकदा. मग आबा आभाळाकडे बघत आकडा सांगायचे.

"बाई, फाटकापासनं जिन्यापत्तुर दोन मिंटं चाळीस. मागल्या म्हैन्यात सव्वादोन व्हती. गुडघा दुखतुया जनू?"

गुडघा खरंच दुखत होता. पण हा माणूस आपल्यावर घड्याळ लावून बसलाय म्हटल्यावर मला असा राग आला! राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो, हे माझे विद्यार्थी तुम्हाला सांगतील.

आबांचं नाव मी सांगत नाही. आम्ही सगळे त्यांना आबाच म्हणायचो. लवळ्याच्या टेकडीवरच्या एका कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवते, बावधनहून येऊन-जाऊन. टेकडीच्या पायथ्याशी, कॉलेजच्या मागच्या फाटकासमोर आबांचं घर. पुढे भाताची खाचरं, मागे मुलाने विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या खोल्या आणि दारात एक पांढरी पिकअप. तरुणपणापासून आबा बैलगाडा शर्यतीच्या धावपट्टीवर, म्हणजे 'घाटात', घड्याळ धरायचे. सुटताना झेंडा पडला की दाबायचं, गाडा निशाणाला आला की पुन्हा दाबायचं. अंगठ्याची सवय तिथली.

आता ही स्केटबोर्डची भानगड. टेकडीच्या मागच्या अंगाला एक जुना, वळणावळणांचा रस्ता आहे. नवा रस्ता झाल्यापासून तिथे गाड्या फारशा जात नाहीत. दर रविवारी सकाळी दहा-बारा जण डोक्यात हेल्मेट, हातात जाड मोजे घालून तिथून चार चाकांच्या फळीवर उभे राहून खाली सुटायचे. रस्ता अरुंद, म्हणून एकेक जण. सगळे खाली आले की आबा त्यांना फळ्यांसकट पिकअपमध्ये भरून पुन्हा वर सोडायचे. कॉलेजची मुलं होती, हिंजवडीत नोकरी करणारे होते, आणि खालच्या गावातली सारिका होती. ती आमच्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. फळीवर चढली की दिसेनाशी व्हायची, इतकी वाकायची.

भांडणं मात्र दर रविवारची. कोण आधी आलं, कोणाची वेळ खरी! मुलांनी कुठूनसं एक यंत्र आणलं. रस्त्याच्या कडेला लावायचं, समोरून कुणी गेलं की आपोआप वेळ लागते. पहिल्याच रविवारी आबांच्या शेजाऱ्यांची म्हैस रस्ता ओलांडून गेली आणि तिसरी आली. मग फोनवर वेळा घेऊन पाहिल्या, तर चार फोनचे चार आकडे. शेवटी मुलं आबांकडे गेली. आबांनी जुन्या ट्रंकेतून बोटाएवढ्या जाड दोरीला बांधलेलं शर्यतीचं घड्याळ काढलं आणि म्हणाले, "आकडा एकाचाच धरायचा. चुकला तर त्यालाच शिव्या घालायच्या."

वेळेचा प्रश्न मिटला. राहिला गुणांचा. दक्षिणेत कुठेतरी डोंगरात मोठी शर्यत होती आणि तिथे आमच्या टेकडीवरून एकालाच जाता येणार होतं. हंगामाच्या पाच फेऱ्या, त्यांत ज्याचे गुण जास्त तो जाणार. गुण कसे द्यायचे? "मॅडमना विचारा, त्यांचा विषयच आहे," असं कुणीतरी म्हणालं आणि मी फुशारले, दुसरं काय! दोन रात्री बसून तक्ता केला. पहिल्याला दहा, दुसऱ्याला आठ, तिसऱ्याला सहा, चौथ्याला पाच, असं खालपर्यंत. पाचही फेऱ्यांची बेरीज. हंगाम सुरू होण्याआधी सगळ्यांच्या सह्या घेतल्या. आबांनी तो तक्ता पिकअपच्या मागच्या फाळक्यावर खडूने उतरवला.

चार फेऱ्या झाल्या आणि फाळक्यावर सगळ्यांत वर नाव आलं ओजसचं. ओजस म्हणजे गुणी मुलगा. एकही फेरी न चुकवणारा, आणि एकही फेरी न जिंकणारा. कधी तिसरा, कधी चौथा. त्याचे तेवीस. सारिका दोन फेऱ्या धावली आणि दोन्ही जिंकली. तिचे वीस. पहिल्या दोन फेऱ्यांना ती आलीच नव्हती, कारण त्या दोन रविवारी तिच्या घरी भाताची कापणी होती. ज्या घरात माणसं मोजकी, तिथे कापणीच्या दिवशी फळीवर कोण सोडणार?

आबा फाळक्यासमोर उभे राहून हसत होते.

"बाई, ह्यो शर्यतीचा नंबर हाय का हजेरीचा?"

मला असं झोंबलं म्हणता! "मग तुमच्या घाटात काय करत होता?" मी फणकाऱ्याने विचारलं.

आबांनी चहा मागवला आणि सांगायला बसले. त्यांच्या घाटात दशांशावरून कुणाला मागे टाकत नसत. इतक्या सेकंदांच्या आत आलेले सगळे गाडे एक नंबरात, त्याच्यापुढच्या सेकंदातले दोन नंबरात. एक नंबरात पाच गाडे आले तरी पाचही एक नंबर.

"पर एखादा दोन दशांशानं म्होरं असतोच की," मी म्हटलं. त्यांच्याशी बोलताना माझी भाषा अशी घसरायची.

"तो म्होरं हाय का माजा अंगठा मागं हाय, कुनाला ठावं? अंगठ्याला जेवडं कळतं तेवडंच ल्ह्यावं, बाई. जास्ती ल्हिलं की खोटं हुतं."

हीच गोष्ट मी वर्गात फळ्यावर दोन-दोन तास शिकवते आणि निम्मा वर्ग झोपतो. मोजमापात जेवढी चूक, त्याच्याहून बारीक फरकाला अर्थ नाही. हे स्वतःच्या तक्त्यात घालायचं मला सुचलं नव्हतं!

त्या आठवड्यात आम्ही दोघांनी मिळून नवा नियम बसवला. वेळेचे टप्पे पाडायचे, एका टप्प्यातल्या सगळ्यांना सारखे गुण. आणि पाचातल्या चांगल्या तीनच फेऱ्या धरायच्या, म्हणजे घरच्या कामाने दोन चुकल्या तरी माणूस मरत नाही. मी जुन्या वेळा नव्या नियमात घालून पाहिल्या आणि धावतच आबांकडे गेले.

"आबा, नव्या नियमात सारिकाला त्या दोन फेऱ्याही पुरतात. शेवटची जरा बरी धावली की तीच पहिली!"

आबांचा हसरा चेहरा एकदम उतरला. "मंग न्हाई," ते म्हणाले.

"न्हाई म्हणजे?"

"हंगामाच्या मधी नेम बदलायचा न्हाई. सह्या झाल्यात. पुढल्या साली."

"अहो, पण जुना नियम चुकीचा आहे हे तुम्हीच सांगितलंत ना?"

"व्हय. पर चुकीचा नेम समद्यांनी मान्य केला, तो समद्यांचा. आता बदलला तर तो माजा हुईल." मग खाली बघत म्हणाले, "ती माज्या चुलतभावाची नात हाय, बाई. आमची भावकी."

मला ठाऊकच नव्हतं. सारिका त्यांना सगळ्यांसारखी आबाच म्हणायची आणि ते तिला इतरांइतकंच ओरडायचे. मी चिडून घरी गेले. दोन दिवस आबांशी बोलले नाही. पोरीच्या तोंडाला पानं पुसायची आणि वर स्वतःचा खरेपणा मिरवायचा, असं काहीबाही मनात आलं. आज त्याची लाज वाटते.

शेवटच्या फेरीची सकाळ. हिशेब सगळ्यांना पाठ होता. सारिका पहिली आली आणि ओजस दुसरा नसला तर ती जाणार, नाहीतर ओजस. उतरायच्या क्रमाच्या चिठ्ठ्यांत तिचं नाव शेवटी निघालं. तिच्या आधी सगळे उतरले. हिंजवडीच्या एका नोकरदाराची वेळ फार झकास लागली, त्याच्या मागे ओजस.

आता वर सारिका उभी राहिली. आणि आबांनी गळ्यातलं घड्याळ काढून माझ्या गळ्यात घातलं.

"हे काय?"

"भावकीचा गाडा असला की पंचानं घड्याळ सोडायचं. घाटाची रीत हाय." एवढं बोलून ते रस्त्याकडे पाठ करून भाताच्या खाचरांकडे तोंड करून उभे राहिले. मागे हात बांधलेले. आणि उजवा अंगठा डाव्या मुठीत घट्ट धरलेला.

वरचा लाल झेंडा पडला. मी दाबलं. चाकांची खरखर टेकडीच्या आडून ऐकू यायला लागली. पहिलं वळण, दुसरं, आणि तिसऱ्या वळणावर ती दिसली. काय सांगू तुम्हाला! एक हात रस्त्याला टेकलेला, गुडघा जमिनीपासून वितीवर, आणि फळी अशी वळली की माझ्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं. ती रेषेवरून सूं करून निघून गेली. मुलांनी आरोळी ठोकली. मीही ओरडले.

घड्याळ चालूच होतं.

दाबायचं राहून गेलं होतं. संख्याशास्त्राची प्राध्यापक, बावीस वर्षं शिकवतेय, आणि एक बटण दाबता आलं नाही. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तिची वेळ सगळ्यांत कमी, हे तर आंधळ्यालाही दिसलं असतं. अंदाजाने तीन सेकंद वजा करून मी एक आकडा सांगितला असता, तर कोण विचारणार होतं? ओठांवर आकडा आलाही.

"दाबलं का, बाई?" आबांनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "राहिलं, आबा."

ते वळले. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "पुन्यांदा पळंल." आणि पिकअपकडे चालू लागले.

त्यांनीच तिला वर नेलं. या खेपेला मी फक्त रेषेकडे बघितलं आणि वेळेवर दाबलं. सारिका एका दशांशाने दुसरी आली. एका दशांशाने! नव्या नियमात ती आणि तो नोकरदार दोघेही एक नंबरात बसले असते. जुन्यात तिचे अठ्ठावीस झाले आणि ओजसचे एकोणतीस.

मी पिकअपच्या आड जाऊन रडले. सारिकाच शोधत आली. तिच्या मोज्यांना डांबर लागलेलं होतं.

"मॅडम, रडताय काय? मला दोनदा पळायला मिळालं."

"माझ्यामुळे गेलं गं तुझं."

"तुमच्यामुळं न्हाई. भातामुळं," ती म्हणाली. "पुढल्या वर्षी तारखा लावायच्या आधी खाचरात येऊन बघा. भात उभं असलं तर फेरी ठेवू नका."

बघा! गुण, टप्पे, बेरजा, सगळं आम्ही घासूनपुसून पाहिलं, पण तारखा कुणी ठरवल्या होत्या? मीच. कॉलेजच्या सुट्ट्या बघून.

ओजस दक्षिणेत जाऊन आला. शेवटून दुसरा आला, दोन्ही कोपरं सोलून घेतली आणि महिनाभर तिथल्या डोंगराचं वर्णन करत होता. त्याचाही मला राग आला नाही. आबांनी तर त्याला गुळपोळी खाऊ घातली.

पुढच्या हंगामाआधी नवा नियम फाळक्यावर चढला. चांगल्या तीन फेऱ्या, वेळेचे टप्पे, आणि सगळ्यांत वर आबांच्या अक्षरात: भाताची झोडणी झाल्याबिगर फेरी नाही. सह्या झाल्यावर आबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, ती पट्टी सोडा बरं."

मी त्यांना आदल्या वर्षी एक गंमत दाखवली होती. समोरच्याने पट्टी सोडायची, आपण चिमटीत पकडायची. पट्टी जितकी खाली घसरल्यावर पकडली तितका हात हळू. आदल्या वर्षी आबा पोरांना हरवायचे. आता मी दहा वेळा पट्टी सोडली. कधी पटकन पकडली, कधी शेवटाला, एकदा सुटलीच.

"उशीर झाला तरी चालतं आबा," मी घाईघाईने म्हटलं. "सुरुवातीला जेवढा उशीर तेवढाच शेवटी. वजा होऊन जातो."

"सारका असता तर गेला असता. ह्यो रोज नवा हाय." आणि त्यांनी घड्याळ माझ्या हातात ठेवलं. "आता तुमी धरा. तुमी एकदा चुकलाय, आता चुकायच्या न्हाई."

त्यानंतर आबा शर्यतीला आले नाहीत. पिकअप मुलगा आणायचा. खालच्या रेषेपाशी त्यांची जागा मोकळी असायची आणि मुद्दाम न सांगताही तिथे कुणी उभं राहायचं नाही. मला फार चुकल्यासारखं व्हायचं. आकडा बरोबर आला की मान हलवणारं कुणी नव्हतं.

त्या हंगामात सारिका चार फेऱ्या धावली. शेवटच्या फेरीला खालच्या खाचरांत नुसती धसकटं उरली होती. झेंडा पडला. मी तिच्याकडे पाहिलंच नाही. रेषेवर डोळे लावून बसले, चाकं आली, दाबलं. आकडा दोनदा वाचला, मग ओजसला वाचायला दिला. एक नंबर. जाणार होती ती!

पोरांनी तिला उचललं. मी बाजूला जाऊन आबांना फोन लावला. त्यांचं घर त्या वळणाच्या बरोबर खाली. अंगणात उभं राहिलं की तिसरं वळण सगळं दिसतं.

"आबा, बघितलंत ना?" मी ओरडलेच.

"न्हाई. नंबर सांगा आदी."

"एक नंबर! पण अंगणात उभे आहात ना? दिसली नाही?"

"अंगनातच हाय, बाई," आबा म्हणाले. "पर सकाळधरनं पाठ करून उबा हाय. थांबा, आता वळतो."