हिंदुरावांचा न फिरणारा फोन

हिंदुराव माणूस सरळ. इतका सरळ, की कंपनीत त्यांच्या माघारी त्यांना 'फूटपट्टी' म्हणत. आनंदनगर एमआयडीसीत पत्रा कापायच्या प्रेसवर उभी हयात गेली, पण खोटं बोलणं काही जमलं नाही. बोलायला गेले की आधी कान लाल व्हायचे. अशा माणसावर उतारवयात रोज संध्याकाळी पोटच्या पोरीला फसवायची पाळी आली, आणि तीही कॅमेऱ्यासमोर. देवालासुद्धा कधी कधी दुसरा उद्योग नसतो बघा.

झालं काय, की त्यांची बायको इंदुबाई हेंद्रेपाड्यातल्या घरी मोरीत पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं असतं, पण यांचं हृदय ते सोसायचं नाही. म्हणजे काय समजायचं ते समजा. बाई कायमची अंथरुणाला खिळली. त्यात पडून पडून पाठीला चट्टे पडले, म्हणजे उताणं पडायचीही सोय राहिली नाही. एका कुशीवर पडून समोरचं कपाट बघत राहायचं, एवढंच काम. दिवसा शेजारची उमा येऊन-जाऊन बघायची आणि शिफ्ट सुटली की हिंदुराव धापा टाकत घर गाठायचे.

आणि हे सगळं माधवीला कळू द्यायचं नव्हतं. माधवी त्यांची एकुलती एक लेक, नागपुरात दिलेली. दोनदा दिवस राहून गेले होते बिचारीचे. आता तिसऱ्या खेपेला गर्भ टिकला होता, पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, प्रवास नाही, जिना नाही आणि डोक्याला ताप तर अजिबात नाही. जावयाला, सुयोगला, हिंदुरावांनी कळवलं. तोच म्हणाला, "आबा, हात जोडतो, बाळ हातात येईपर्यंत तिला बोलू नका." इंदुबाईंनी तर शपथच घातली. "कळलं तर पोरगी अंगावरच्या कपड्यांनिशी गाडीत बसेल. माझ्या गळ्याची आण आहे तुम्हाला." तेव्हा ठरलं, आईचा गुडघा धरलाय म्हणून सांगायचं.

सांगायला सोपं हो. पण पोरगी रोज व्हिडिओ कॉल करणार, तिला आई दाखवायची कशी?

इथे त्यांचा बिघडलेला फोन धावून आला. त्या फोनची स्क्रीन फिरायचीच नाही. तुम्ही तो आडवा धरा, तिरका धरा, ढिम्म. आणि बिघडवला होता तो खुद्द हिंदुरावांनीच. प्रेसच्या धडधडीत रिंग ऐकू येत नाही, खिशातली थरथर कळत नाही, म्हणून इंदूचा फोन आला तर उजेड तरी दिसावा या हिशोबाने ते फोन प्रेसच्या अंगावरच ठेवायचे, डोळ्यांसमोर. ती पडली तेव्हा उमाचा कॉल त्यांना तसाच दिसला होता. त्यामुळे त्या जागेबद्दल कुणी काही बोललेलं त्यांना खपत नसे.

कुशीवर निजवल्यानंतरच्या पहिल्याच कॉलला हिंदुरावांनी फोन इंदुबाईंच्या तोंडासमोर, त्या जशा पडल्या होत्या तसाच, आडवा धरला. आणि तिकडून माधवी म्हणाली, "अगं, बसलीस की! टेकून बसलीस का?" दोघं नवराबायको एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. फोनला बापड्याला कळतच नव्हतं आपण आडवे आहोत ते. उशीवरचा चेहरा तो जसाच्या तसा उभा करून नागपूरला पाठवत होता. हिंदुरावांना मात्र वाटलं, आपणच कोन बरोबर साधला. साधला कसला, डोंबल!

मग रोज तेच नाटक. कॉलच्या आधी केस घट्ट बांधायचे. उशीला भिंतीच्या रंगाचा अभ्रा घालायचा. मंगळसूत्र तेवढं दगा द्यायचं, ते ओघळून गादीकडे लोंबायचं, म्हणून ते आत खोचायचं. "हसा," इंदुबाई नवऱ्याला दटावायच्या, "सुतकी तोंड करू नका." स्वतः मात्र कॉल संपला की पदर तोंडात कोंबून रडायच्या. पोरीचं मन राखायचं म्हणजे एवढं करावंच लागतं, असं स्वतःलाच समजावायच्या.

सातवा लागला. माधवीच्या सासरच्यांनी घरच्या घरी डोहाळजेवण करायचं ठरवलं. हिरवी साडी इकडून गेली. आईची ओटी मात्र जाणार नव्हती, कारण आईच जाणार नव्हती. गुडघा ना! सुयोग म्हणाला, सगळा सोहळा फोनवर दाखवतो, झोपाळ्यासकट. पण रुंद चित्र आलं की या न फिरणाऱ्या फोनवर ते मधोमध आगपेटीएवढं दिसायचं. इंदुबाईंना त्यात पोरगी कुठली आणि झोपाळ्याची दोरी कुठली, समजायचं नाही.

"एकदा तो फोन नीट करून आणा हो," त्या म्हणाल्या. "माझी पोर मला डोळे भरून बघू द्या. पुढचं कोणी बघितलंय?"

उमाने सेटिंगमध्ये जाऊन ऑटो रोटेट बंद-चालू करून पाहिलं, फोन बंद करून परत लावला. काही उपयोग नाही. शेवटी हिंदुराव उल्हासनगरला गेले, कॅम्पातल्या भावेशच्या दुकानात.

भावेशने फोनमध्ये कसलीशी टेस्ट उघडली. स्क्रीनवर एक ठिपका आला. फोन कलता केला की तो ठिपका घरंगळायला हवा होता, पण जागचा हलेना. "सेन्सर मर गया, अंकल. ठेवता कुठे तुम्ही फोन?"

"मशीनवर."

"चालू मशीनवर? हादऱ्याने मरणारच, फिर क्या होगा!" भावेश हसला. पार्ट मिळाला, बसवला. ठिपका पळायला लागला. "आता बिनधास्त. कसा पण पकडा, ये सीधा ही दिखायेगा. जे उभं ते उभं, जे आडवं ते आडवं."

एवढं स्पष्ट सांगितलं हो त्याने! पण हिंदुरावांच्या डोक्यात झोपाळा. घरी येऊन त्यांनी दारातूनच एका लग्नाचा व्हिडिओ आडवा करून दाखवला, पूर्ण स्क्रीनभर. इंदुबाई हरखल्या. कॉल लावून बघावा हे काही दोघांना सुचलं नाही. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात, ते हेच.

डोहाळजेवणाच्या दिवशी केस बांधून झाले, मंगळसूत्र खोचून झालं, इंदुबाईंना उमाने गजरा माळला. कॉल लागला. फुलांचा झोपाळा, हिरव्या साडीतली माधवी, बायकांची गाणी, सगळं स्क्रीनभर आलं. पण इंदुबाई कुशीवर, त्यांना ते सगळं आडवं दिसायला लागलं. "अहो, ही आडवी का दिसते?" त्या म्हणतायत तोच तिकडून माधवीचा आवाज आला.

"आई, तू आडवी का आहेस?"

हिंदुरावांनी फोन आणखी जवळ नेला. "फोन... फोन जरा हे झालाय गं."

"आबा, सरळ धरा ना."

त्यांनी उभा धरला. मग पुन्हा आडवा. मग उलटा. कान लालबुंद झाले होते. फोन कसाही फिरवला तरी नागपुरात इंदुबाई आडव्याच. गाणी एकेक करत थांबली. उशी दिसली, गादी दिसली, खाटेखालचं भांडंसुद्धा दिसलं.

"नका फिरवू," इंदुबाई म्हणाल्या. "फोन बरा आहे गं, माधवी. मीच पडून आहे."

माधवीने नवऱ्याकडे बघितलं. सुयोगने मान खाली घातली. "तुलाही माहीत होतं?" एवढंच ती बोलली. सासू पुढे झाली, कोणीतरी पाणी आणलं. तिकडे तिच्या पोटात काही झालं तर, या एकाच भीतीने हिंदुरावांना घाम फुटला. ते नुसते "बाळा, बाळा" करत राहिले.

माधवी झोपाळ्यावरून सावकाश उतरली. समोरच्या सतरंजीवर, पोट सांभाळत, कुशीवर आडवी झाली. लहानपणी एका अंथरुणात आईकडे तोंड करून झोपायची, अगदी तशीच. सुयोगला म्हणाली, "धर फोन." आता इंदुबाईंना लेक सरळ दिसली आणि लेकीला आई.

"उठशील ना गं तू?"

"नाही बाळा. आता उठणं नाही."

माधवीच्या डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळून सतरंजीवर पडलं. "मग मी बाळाला घेऊन येईपर्यंत थांब. थांबशील? एवढं तरी खरं सांग मला."

"थांबते की. न थांबून सांगतेय कोणाला?" इंदुबाई म्हणाल्या, आणि हसल्या.

एवढी वर्षं संसार केला, पण बायको आत्ता खरं बोलली की खोटं, हे हिंदुरावांना तिच्या तोंडाकडे बघूनही कळलं नाही.